३५० च्या केसवर ८४ मिमीचं बॅरल: क्रँक आउट आहे की डेक तिरका?

खटपट्या

मंडळी, इंजिन जुनं चार-स्ट्रोक सिंगल, पुशरॉडवालं. मूळ बोअर-स्ट्रोक ७० × ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. स्ट्रोक तोच ठेवून ८४ मिमी बोअरचं बॅरल चढवायचं आहे, म्हणजे ४९९ सीसी होईल. त्यासाठी क्रँककेसचं तोंड मोठं करून घेतलं आणि बॅरल जिथे टेकतं तो डेक त्याच सेटिंगमध्ये साफ करून घेतला. क्रँक दोन फ्लायव्हीलची (वजनदार चाकांची), मधल्या क्रँकपिनवर प्रेस केलेली. क्रँकपिन नवीन, बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) नवीन, रॉड जुनाच (सेंटर ते सेंटर १७५ मिमी).

आता अडचण. क्रँकच्या शाफ्टवर डायल (काट्याचा गेज) लावून फिरवली तर ड्राइव्ह साइडला (चेनची बाजू) ०.०९ आणि टायमिंग साइडला (कॅमच्या गिअरची बाजू) ०.०७ मिमी येतंय. दोन्हीकडे काटा जास्तीत जास्त चढतो तो क्रँकपिन वर असताना. मशीन शॉपचं म्हणणं, जुन्या इंजिनाला ०.१ पर्यंत चालतं.

दुसरं म्हणजे रिंगा न घालता पिस्टन लावून बॅरल बसवलं आणि खालून फीलर (मापाची पातळ पट्टी) घातला. स्मॉल एंड (रॉडचं वरचं टोक) आणि पिस्टनच्या बॉसमधली (पिस्टनची पिन धरणारा भाग) फट टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर) ड्राइव्ह साइडला ०.८, टायमिंग साइडला १.७. बीडीसीला (पिस्टन सर्वांत खाली) ०.९ आणि १.६. रॉड एका अंगाला सरकलाय हे कळतं, पण वर-खाली फट का बदलते? रॉड वाकडा, क्रँक आउट की केसचं मशीनिंग चुकलं? आधी काय मोजू?

लेथवाला

०.१ चालत नाही. शाफ्टवर ०.०५ मिमी, म्हणजे दोन थाउ, ही शेवटची हद्द समजा. नवीन पिन घालून क्रँक उघडलीच आहे तर ०.०२ च्या आत आणा, थोडा वेळ जातो इतकंच. जास्त आउट असलेली क्रँक मेन बेअरिंगमध्ये दर फेऱ्याला शाफ्ट वाकवत फिरते. बेअरिंगची बाहेरची रेस ॲल्युमिनियममध्ये सरकायला लागते आणि टायमिंग साइडला पॉइंटची (इग्निशनच्या संपर्कांची) गॅप स्थिर राहत नाही. शाफ्टवर अल्टरनेटरचा रोटर असेल तर तो स्टेटरला चाटतो तेही यातूनच.

दोन प्रकारचे दोष असतात, ते वेगळे करा. पहिला पीळ, म्हणजे एक फ्लायव्हील पिनभोवती दुसऱ्यापेक्षा थोडं पुढे फिरलेलं. यात दोन्ही डायल पिनपासून ९० अंशांवर चढतात आणि एक पुढे तर दुसरा मागे, समोरासमोर. दुसरा चिमटा किंवा फाक. चाकं पिनच्या जागी ठीक, पण पिनच्या समोरच्या (१८० अंशांवरच्या) कडेला जवळ आलेली किंवा लांब गेलेली. यात दोन्ही डायल एकाच वेळी चढतात, पिनच्या रेषेत. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे.

क्रँक दोन सेंटरमध्ये (शाफ्टच्या टोकांतल्या भोकांत बसणारे टोकदार आधार) धरून डायल फ्लायव्हीलच्या लगत लावला असेल, आणि काटा पिनच्या बाजूला चढत असेल, तर चाकं पिनच्या समोर चिमटलेली आहेत. तिथे पाचर घालून उघडावी लागतील. काटा पिनच्या विरुद्ध बाजूला चढला असता तर चाकं फाकलेली, मग क्लँपने दाबायची.

पीळ असेल तर ज्या चाकाचा काटा चढतो, त्याच चाकाच्या कडेवर त्याच जागी तांब्याच्या हातोड्याने ठोका. पण क्रँक सेंटरवरून काढून, हातात धरून. सेंटरवर असताना ठोकलं की सेंटरची भोकं बिघडतात आणि मग पुढचं कुठलंच माप खरं राहत नाही.

शून्यरेषा

पाचर हातात घेण्याआधी एक सांगा: क्रँक टेकवली कुठे होती आणि डायल कुठे होता?

वर लेथवाल्यांनी दिलेला नियम बरोबर आहे, पण तो बाहेरच्या टोकाला सेंटर आणि आत फ्लायव्हीलजवळ डायल अशा मांडणीचा आहे. क्रँक मेन बेअरिंगच्या जागी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवली आणि डायल शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला लावला तर सगळं उलटं होतं. चाकं पिनच्या समोर फाकली की दोन्ही शाफ्टची बाहेरची टोकं पिनच्या बाजूला झुकतात. आधार बाहेर असेल तर तोच झुकाव आतल्या भागाला पिनपासून दूर ढकलतो, आधार आत असेल तर टोक पिनकडे जातं. दोष एकच, काटा मात्र समोरासमोरच्या जागी चढतो. पिळाच्या बाबतीतही ही उलटापालट होते. घरी बहुतेक जण व्ही-ब्लॉकवरच मोजतात आणि पुस्तकातलं चित्र सेंटरवरचं असतं. मग फाकलेल्या चाकांत पाचर मारली जाते आणि ०.०९ चं ०.१५ होतं.

याची खातरजमा सोपी आहे. दोन्ही फ्लायव्हीलच्या बाहेरच्या अंगाची एकूण रुंदी मायक्रोमीटरने कडेजवळ मोजा, एकदा पिनच्या जागी, एकदा बरोबर समोर. बाहेरची अंगं मशीन केलेली असतील तर हे माप खोटं बोलत नाही. कडेवरून पट्टी लावून उजेड बघण्याची पद्धत मात्र फक्त जुळवाजुळवीच्या पहिल्या टप्प्यापुरती. जुन्या फ्लायव्हीलची कड शाफ्टशी समकेंद्री असेलच असं नाही.

आता रॉड आणि केसबद्दल. क्रँक केसमध्ये बसवा, दोन्ही भाग पूर्ण आवळा, बॅरल नको. स्मॉल एंडमधून गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मापाचा सरळ ग्राउंड बार आरपार घाला, साधारण १५० मिमी लांब. डेकवर तोंडाच्या दोन्ही अंगांना, ड्राइव्ह साइड आणि टायमिंग साइडला, एकाच उंचीचे पॅरलल (अचूक मापाचे ठोकळे) ठेवा. क्रँक फिरवून बार अलगद पॅरललवर टेकवा आणि कुठल्या बाजूला उजेड दिसतो ते पाहून फीलरने मोजा. हे दोनदा करा: एकदा पिन वर असताना, एकदा खाली. बार टेकायला जितक्या उंचीचे पॅरलल लागतील तितके घ्या, फक्त जोडी एकसारखी हवी.

फट दोन्ही वेळा एकाच बाजूला आली तर रॉड वाकलाय किंवा डेक तिरका आहे. फटीने बाजू बदलली तर क्रँकपिन शाफ्टशी समांतर नाही, म्हणजे एखाद्या फ्लायव्हीलमधलं पिनचं भोक तिरकं आहे किंवा पिन प्रेस करताना तिरकी गेली. कारण पिन अर्धा फेरा फिरली की तिचा कल उलटतो, रॉडचा आणि डेकचा उलटत नाही.

रॉड आणि डेक यांतला दोषी ओळखायला मेन बेअरिंगमधून मँड्रेल (अचूक मापाचा सरळ दांडा) घाला. दोन बेअरिंगचे आतले व्यास वेगळे असतील तर पायऱ्यांचा मँड्रेल करावा लागेल. डेकपासून मँड्रेलपर्यंतची खोली दोन्ही बाजूंना डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. मँड्रेल हाताने सरकत गेला पाहिजे. ठोकावा लागला तर दोन्ही बेअरिंग एका रेषेत नाहीत, आणि मग त्याआधी पुढचं काहीच करू नका.

जुनालोखंड

इतकं सगळं न मोजताही लाखो इंजिनं पळाली. पण तोंड मोठं केलेली केस म्हटल्यावर मोजाच, कारण तिथे कारखान्याचं सेटिंग मोडलेलं असतं.

बॅरलकडे कुणी पाहिलं नाही म्हणून लिहितो. बेसच्या फ्लँजवर किंवा स्पिगॉटवर (केसच्या तोंडात उतरणारा बॅरलचा खालचा गळा) रंग अगर पावडर कोट असेल तर आधी खरवडून काढा. रंगाचा एकाच बाजूला राहिलेला थर ०.०५ ते ०.१ सहज भरतो, आणि इथे भांडण तेवढ्याचंच चाललंय. मग बोअरमध्ये फुगणारा मँड्रेल घालून बॅरल लेथच्या दोन सेंटरमध्ये फिरवा आणि डायल फ्लँजच्या तोंडावर लावा. ०.०३ च्या आत हवं. बोअर करणाऱ्याने बॅरल हेडच्या तोंडावर उभं केलं असेल आणि वरचं-खालचं तोंड समांतर नसेल, तर बोअर गोल आणि गुळगुळीत असूनही फ्लँजशी काटकोनात नसतो. बॅरल नेहमी बेस फ्लँजवरून धरायचं.

स्पिगॉट केसच्या तोंडात व्यासावर ०.०५ ते ०.१० सैल असावा. घट्ट बसवला तर गरम झाल्यावर बोअरचं खालचं टोक चिमटतं. स्टडही बघा: एखादा वाकडा स्टड फ्लँजच्या भोकाला एका बाजूने टेकला तर नट आवळताना तो बॅरलला ओढतो. बॅरल हाताने, वजनावर, खाली टेकलं पाहिजे.

आणि तोंड मोठं केल्यावर स्टडच्या आट्यांपर्यंत किती धातू उरलाय? ३ मिमीच्या खाली गेलं असेल तर बाकीची मापं घेण्याआधी त्याचा विचार करा. स्टड ओढून धरेल असं तिथे काही शिल्लक राहत नाही.

खटपट्या

सगळं मोजलं. स्टडपाशी धातू ५ मिमीच्या वर आहे.

क्रँक व्ही-ब्लॉकवर होती, बेअरिंगच्या जागी. डायल बाहेर: ड्राइव्ह साइडला ब्लॉकपासून ६५ मिमी, टायमिंग साइडला ५० मिमी. फ्लायव्हीलची रुंदी पिनच्या जागी ७८.४०, समोर ७८.६१. दोन मापांच्या जागांमध्ये अंतर १५० मिमी.

बार: पिन वर असताना टायमिंग साइडला फट ०.१२, पिन खाली असताना टायमिंग साइडलाच ०.११. पॅरलल एकमेकांपासून ११० मिमीवर होते.

मँड्रेल हाताने गेला. डेकपासून खोली टायमिंग साइडला ड्राइव्ह साइडपेक्षा ०.११ ने कमी, त्याच दोन जागांवर. बॅरलची फ्लँज ०.०२.

शून्यरेषा

छान, मापं एकमेकांशी जुळतात.

क्रँक: चाकं समोर ०.२१ ने फाकलीत, म्हणजे प्रत्येक चाक १५० मिमीत ०.१०५ ने कललं. मिमीमागे ०.०००७. शाफ्ट ब्लॉकपासून ६५ मिमी बाहेर ०.०४५ ने सरकेल, डायल त्याच्या दुप्पट दाखवतो, म्हणजे ०.०९. टायमिंग साइडला ५० मिमीवर ०.०३५, डायलवर ०.०७. तुमचे आकडे हेच आहेत. याचा अर्थ पीळ नाही, निव्वळ फाक आहे. पाचर नाही, क्लँप.

केस: बारची फट दोन्ही वेळा टायमिंग साइडला, म्हणजे पिन समांतर आहे. मँड्रेलने सांगितलं डेक टायमिंग साइडला ०.११ खाली आहे. बारची जवळपास सगळी फट त्यातच संपते, उरलेलं ०.०१ फीलरच्या चुकीतलं. रॉड सरळ आहे, त्याला हात लावू नका. तुमच्या पहिल्या फटीही हेच सांगत होत्या. डेक ११० मिमीत ०.११ कलला म्हणजे बॅरल टायमिंग साइडला झुकलं, ९० मिमीच्या स्ट्रोकमध्ये ते ०.०९ ने तिकडे जातं. पिस्टन वर जाताना ड्राइव्ह साइडचा बॉस रॉडकडे सरकतो. ०.९ चं ०.८ झालं ते त्यामुळे.

डेक असाच ठेवून इंजिन बांधलं असतं तर पिस्टन उघडल्यावर तिरके डाग दिसले असते: एका बाजूला रिंगांच्या वर, समोरच्या बाजूला स्कर्टच्या खाली. स्मॉल एंडचा बुश दोन्ही तोंडांना भोंग्यासारखा झिजतो. गजन पिन एका बाजूला ढकलली जात राहते आणि शेवटी सर्क्लिप बाहेर येते. ती बोअरला चर पाडत गेली की बॅरल भंगारात.

डेक पुढे-मागे किती कललाय हे मँड्रेलवरून कळत नाही. त्या दिशेचा छोटा कल रॉडला वाकडं ओढत नाही, फक्त बोअरची रेषा क्रँकच्या मध्यापासून जराशी सरकवतो. काही इंजिनांत कारखान्यानेच बोअर मुद्दाम पुढे सरकवलेला असतो, तो "दुरुस्त" करायला जाऊ नका.

लेथवाला

फाक काढताना क्रँक ब्लॉकवरून उतरवा. पिनच्या बरोबर समोर दोन्ही कडांवर ॲल्युमिनियमचे तुकडे ठेवून जाड सी-क्लँप लावा किंवा मोठ्या व्हाइसमध्ये धरा. चाकं स्प्रिंगसारखी परत येतात, म्हणून ०.२१ घालवायला दाब त्याहून बराच पुढे न्यावा लागतो. पाव फेरा आवळा, सोडा, रुंदी मोजा. क्लँप लावलेला असताना मोजलेलं माप धरायचं नाही. रुंदी जुळली की डायल, आणि डायलवर आता बारीक पीळ दिसायला लागला तर तो ठोकून काढा. शेवटी बिग एंडची साइड प्ले परत बघा, ०.२ ते ०.५ च्या मधे.

दाबल्यावर चाक फारच सहज सरकत असेल तर पिनची पकड संशयास्पद आहे. पिनच्या व्यासाच्या प्रत्येक मिमीमागे ०.००२ ते ०.००२५ मिमी इंटरफेरन्स (भोकापेक्षा पिन जितकी जाड तो फरक) लागतो, म्हणजे ३० मिमीच्या पिनला ०.०६ ते ०.०७५. अनेकदा काढलेल्या-घातलेल्या फ्लायव्हीलची भोकं मोठी झालेली असतात. त्याला उपाय ओव्हरसाइज पिन. लॉकिंगचं लिक्विड ओतून किक बॅकला पीळ थांबत नाही.

डेक परत मारताना आधीचीच चूक होऊ देऊ नका. केसची बाहेरची अंगं किंवा चेनकेसचं तोंड अँगल प्लेटवर टेकवून सेटिंग केलं की तिथला गॅस्केटचा एखादा तुकडा किंवा बर सगळा कल डेकवर उतरवतो. संदर्भ एकच, बेअरिंगमधला मँड्रेल. दोन्ही भाग डॉवेलसकट पूर्ण आवळा, मँड्रेलची दोन टोकं मिलिंगच्या टेबलावर जोडीच्या व्ही-ब्लॉकमध्ये धरा, केस फिरू नये म्हणून खालून जॅक लावा. मँड्रेलवर डायल चालवून दोन्ही टोकांना शून्य आलं की मगच कटर लावायचा. मिलिंगचं हेडही टेबलाशी काटकोनात आहे का, हे त्याच वेळी तपासा.

जातील ०.१२ ते ०.१५. त्याआधी स्टडच्या भोकांना अर्धा ते एक मिमीचा चॅम्फर द्या. जुन्या केसमध्ये स्टडभोवतीचं ॲल्युमिनियम वर ओढलं गेलेलं असतं आणि बॅरल त्या उंचवट्यांवर डुलतं.

खटपट्या

डेक मारला की तोंडही परत बोअर करावं लागेल का? ते त्याच तिरक्या सेटिंगमध्ये झालंय. आणि रॉड मधोमध आणायला शिम कुठे?

शून्यरेषा

नाही. कल मिमीमागे ०.००१ आहे, तोंडाची खोली २० मिमी धरली तरी वर-खाली फरक ०.०२. स्पिगॉटला व्यासावर ०.०८ ची मोकळीक असेल तर तो त्यात सामावतो. बॅरल अलगद उतरतं का तेवढं बघा.

कॉम्प्रेशनवर परिणाम किरकोळ. ८४ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ५५.४ चौ. सेंमी, ०.१२ मिमी काढलं तर ०.६६ सीसी. बेस गॅस्केट तेवढं जाड घेतलं की फिटलं. प्लेट घालणार असाल तर ती सगळीकडे ०.०२ च्या आत एकसारखी हवी, नाहीतर परत पहिले पाढे.

शिमचं डेक झाल्यावर ठरवा, आधी नाही. बीडीसीच्या आकड्यांवरून क्रँक टायमिंग साइडला साधारण ०.३५ सरकवावी लागेल. मोजताना एक पथ्य पाळा: बिग एंडची प्ले आधी एका बाजूला पूर्ण ढकलून फट घ्या, मग दुसऱ्या बाजूला ढकलून, आणि सरासरी काढा. नाहीतर प्लेचे ०.३ तुमच्या मापात घुसतात. शिम कुठे घालायचा ते तुमच्या इंजिनात क्रँकला आडवं कोण धरतं त्यावर. ड्राइव्ह साइडचं बेअरिंग धरत असेल तर फ्लायव्हील आणि त्या बेअरिंगच्या मधे. मग टायमिंग साइडचा एंड फ्लोट आणि पिनियनची जागा पुन्हा बघावी लागेल. दोन्ही फटी बरोबर सारख्या यायची गरज नाही, कुठल्याही बाजूला १ मिमीच्या वर राहिल्या की पुरे.

जुनालोखंड

जाता जाता: पिस्टन ७० चा जाऊन ८४ चा आला, तो जड असणार. काउंटरवेट तेच राहिलं म्हणजे बॅलन्स फॅक्टर (वर-खाली होणाऱ्या वजनापैकी काउंटरवेट जितका भाग तोलतं तो) खाली येतो आणि उभा थरथराट वाढतो. क्रँक ट्रू झाली की केसमध्ये घालण्याआधी धारेवर (क्रँक मोकळी फिरेल अशा दोन समतल कडांवर) ठेवा. जुना पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप यांचं वजन आणि रॉड आडवा धरून स्मॉल एंडचं वजन घ्या. स्मॉल एंडला जितकं वजन टांगल्यावर क्रँक कुठेही थांबते, त्यात स्मॉल एंडचं वजन मिळवा, आणि त्याला एकूण वर-खाली होणाऱ्या वजनाने भागा. तो मूळ फॅक्टर. सिंगलला ५० ते ७० टक्क्यांच्या मधे कुठेतरी येतो, फ्रेमप्रमाणे. नव्या पिस्टनने तोच आकडा आणायला पिनच्या बाजूला फ्लायव्हीलमध्ये भोकं मारावी लागतील, दोन्ही चाकांत सारखी. आणि भोकं मारून झाल्यावर डायल परत लावा.

हेड बसवताना प्लॅस्टिसिन घालून बघा. पिस्टन आणि हेडमध्ये १ मिमी, इनलेट व्हॉल्व्हपाशी १.५ आणि एक्झॉस्टपाशी २ मिमी राहिले पाहिजेत.